मदत हवी आहे : वजाबाकीनंतर सार्थ अंक किती धरावेत आणि राउंडिंग कोणत्या पायरीवर करावे?

घनता काढण्याच्या एका उदाहरणात माझे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. रिकाम्या भांड्याचे वस्तुमान २४.८७ ग्रॅम, त्यात धातूचा तुकडा ठेवल्यावर २८.४१ ग्रॅम. मोजपात्रातील पाण्याची पातळी तुकडा बुडवण्यापूर्वी २२.३ मिलिलीटर, बुडवल्यावर २३.६ मिलिलीटर. म्हणजे ३.५४ भागिले १.३, आणि कॅल्क्युलेटर दाखवतो २.७२३०७६९. दिलेल्या प्रत्येक मापात निदान तीन सार्थ अंक (मापातले अर्थपूर्ण, भरवशाचे अंक) आहेत म्हणून पुस्तकाने २.७२ हे उत्तर दिले आहे. मी मात्र २.७ लिहिले, कारण भागाकाराची वेळ येईपर्यंत १.३ मध्ये दोनच अंक उरतात. बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळे पाहायची आणि गुणाकार-भागाकारात सार्थ अंक मोजायचे, हे दोन्ही नियम ठाऊक आहेत, परंतु दोन्ही क्रिया एकाच उदाहरणात आल्या की कोणता नियम कधी लावायचा आणि मधल्या पायरीवर राउंड ऑफ करायचे की नाही, हे उमगत नाही. आणखी एक शंका अशी, की २.५ चे एक्सेलमध्ये ३ होतात आणि पायथनमध्ये २. यांतले बरोबर कोणते?

प्रतिसाद :
तुमचे २.७ बरोबर आहे. नियम क्रियेगणिक लावायचा असतो. मूळ मापांतले अंक मोजून थेट शेवटच्या उत्तराला लावायचा नसतो. पातळीच्या प्रत्येक नोंदीत ०.०५ ची चूक शक्य आहे असे धरले, तर दोन नोंदींच्या फरकात ०.१ पर्यंत चूक होऊ शकते, म्हणजे आकारमान १.२ ते १.४ यांच्या दरम्यान कुठेही असेल आणि घनता २.५३ ते २.९५ यांच्या दरम्यान. इथे २.७ मधला ७ सुद्धा डळमळीत आहे, मग पुढच्या २ ला काय आधार? जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी सार्थ अंक असेच गिळून टाकते, आणि पुस्तके नेमकी ही गोष्ट घाईघाईने उरकतात.

राउंड ऑफ मात्र अगदी शेवटी, एकदाच करावे. ४.६ × ३.१ × २.७ करून पाहा : मधले १४.२६ तसेच ठेवले तर ३८.५०२, म्हणजे ३९ येतात. मध्येच १४ केले तर ३७.८, म्हणजे ३८.

पाचाच्या बाबतीत दोन्ही रीती प्रचलित आहेत. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची खरी बेरीज ८ आहे. प्रत्येक वेळी वर नेल्यास १, २, ३, ४ मिळून १० होतात. जवळच्या सम संख्येकडे नेल्यास ०, २, २, ४ मिळून ८ च राहतात. पायथन ही दुसरी रीत वापरतो. परीक्षेत अर्थातच अभ्यासक्रमाने सांगितलेलीच रीत पाळावी. (पायथनमध्ये २.६७५ चे दोन दशांश स्थळांपर्यंत २.६७ होतात, ते मात्र या रीतीमुळे नव्हे. ती संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवता येत नाही आणि साठवलेली किंमत किंचित कमी भरते.)

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. मात्र मधले आकडे पूर्ण ठेवले, तर त्यांतले सार्थ किती हे लक्षात कसे ठेवावे? आणि तीन नोंदींची सरासरी काढताना ३ ने भागतो. ३ मध्ये एकच सार्थ अंक आहे, तर उत्तरही एकाच अंकात द्यायचे का?

प्रतिसाद :
शेवटच्या सार्थ अंकाखाली रेघ मारून ठेवा, १४.२६ मध्ये ती ४ खाली येईल आणि पुढचे अंक केवळ हिशेबापुरते राहतील. सरासरीतला ३ हा नोंदींची गणती करून मिळालेला, तंतोतंत आकडा आहे. त्यात अनिश्चितता नसल्यामुळे तो सार्थ अंकांवर बंधन घालत नाही. ४.६, ४.७ आणि ४.७ यांची सरासरी ४.७ लिहावी, ५ नव्हे. वर्तुळाच्या परिघाच्या सूत्रातला २ आणि एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर हेही तंतोतंत आहेत, त्यांनाही हाच न्याय लागू होतो.