टू-टूच्या गोळ्या: तिप्पट दर नक्की कशाचा?

सांगलीचा मेडिकलवाला

मुलगी सोळा वर्षांची. चार वर्षं दहा मीटरला एअर रायफल मारली, आता कोच म्हणतात पन्नास मीटरला आणा. रायफल क्लबाची, लायसन्स क्लबाचं, गोळ्यांचे पैसे तेवढे आपले. छऱ्यांच्या एका डबीत पाचशे यायचे, त्यामुळे त्याचा हिशोब कधी ठेवला नाही. पन्नास मीटरच्या टू-टूच्या (.२२ बोअरच्या) डबीत पन्नासच. परवा सकाळी दहाच्या आत दोन डब्या संपल्या. मी मागं बाकावर बसून पितळी पुंगळ्या गोळा करत होतो, तेव्हा जरा घाम फुटला.

क्लबात तीन नावं कानावर आली: एसके स्टँडर्ड प्लस, लापुआ सेंटर-एक्स आणि इली टेनेक्स. पहिल्या आणि तिसऱ्याच्या दरात जवळजवळ तिपटीचा फरक. जेनेरिक आणि ब्रँडेड औषधात काय फरक, हे मी गिऱ्हाइकाला रोज समजावतो. इथंही तोच प्रकार आहे का? एक पालक म्हणतात टेनेक्सशिवाय मेडल विसरा. दुसरे म्हणतात शेवटी सगळं शिसंच. कुणाचं ऐकू?

खाकीतला जुना भिडू

आमच्या एनसीसीत टू-टू डीलक्स रायफल, पंचवीस यार्ड आणि केएफ शिक्क्याची खडकीची गोळी. ब्रँड निवडायचा प्रश्नच नव्हता. पाच गोळ्या मारायच्या आणि पाच पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. माझी एक गवतात हरवली, तर उस्तादांनी अख्खी प्लाटून रांगायला लावली. गोळीची किंमत मला त्या दिवशी कळली. बाकी जाणकार सांगतीलच.

दुधाळीचा मास्तर

दादा, तुमचं जेनेरिकचं उदाहरण अर्धं लागू पडतं. एसके आणि लापुआ, दोन्हीच्या टू-टू गोळ्या जर्मनीत शोनेबेकच्या एकाच कारखान्यात बनतात. इली इंग्लंडची. तिन्हींत ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, वरून ग्रीस लावलेली शिशाची गोळी. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते प्रत्येक गोळी आदल्या गोळीसारखी असावी म्हणून.

मी फिजिक्स शिकवतो, तेव्हा थोडं गणित सहन करा. मॅचची (स्पर्धेची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं निघते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती बारा-तेरा सेंटीमीटर खाली येते. आता एक गोळी १० मीटरनं हळू निघाली, तर ती आणखी ८ मिलिमीटर खाली बसणार. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दोन वर्तुळांतलं अंतरही बरोबर ८ मिलिमीटर. म्हणजे पोरीनं काहीच चूक केली नाही, तरी दहाचा नऊ झाला! टू-टूत दारू चिमूटभरही नसते आणि पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. तिथं किंचित कमीजास्त झालं की वेग हलतो. बरं, ही पुंगळी घरी भरून परत वापरता येत नाही, त्यामुळे कारखाना देईल ते घ्यायचं.

‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेल्या डब्या घेऊ नका. ती गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि टार्गेटच्या आसपास त्या वेगाखाली येताना डगमगते. मॅचच्या गोळ्या मुद्दाम त्याखाली ठेवलेल्या असतात.

पण खरी गोष्ट ब्रँडची नाहीच, लॉटची (औषधाच्या बॅचसारखी) आहे. डबीवर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच नावाचे दोन लॉट एकाच रायफलीतून सावत्र भावांसारखे वागतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) विश्वविजेती झाली तेव्हापासून कोल्हापुरात घरोघरी नेमबाज आहेत, आणि लॉट न बघता महागडी डबी घेणारे पालकही. रायफल सँडबॅगवर ठेवा, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारा, भोकं किती पसरली ते व्हर्नियरनं मोजा; जितकं कमी तितकं चांगलं. ब्रँड बदलला की आधी पंधरा-वीस गोळ्या फुकट घालवा, नळीत आधीच्या गोळीचं ग्रीस बसलेलं असतं.

ओहायोतला मिरजकर

इकडचे दर सांगतो, पन्नासच्या डबीचे, साधारण. सीसीआय स्टँडर्ड (हा आणखी एक ब्रँड) ५ डॉलर, एसके स्टँडर्ड प्लस ८, सेंटर-एक्स १६-१७, टेनेक्स २२ च्या पुढे. म्हणजे तिप्पट इकडंही आहेच. मी हौशी माणूस, रविवारी एसके मारतो आणि खाली गेलेली प्रत्येक गोळी गोळीच्याच माथी मारतो. त्याचं समाधान वेगळं.

सांगलीचा मेडिकलवाला

मास्तर, केलं तुम्ही सांगितलं तसं. कोचनी स्वतः मारलं, मी दुकानातला व्हर्नियर नेला होता. टेनेक्स १४ मिमी. सेंटर-एक्स १५. एसकेचा एक लॉट १७. एसकेचाच दुसरा लॉट २६! आणि गंमत म्हणजे हे दोन्ही लॉट एकाच पुड्यात निघाले. विकणाऱ्यानं दोन पेट्यांतलं उरलंसुरलं एकत्र बांधून दिलेलं. औषधात बॅच नंबर बघितल्याशिवाय मी माल आत घेत नाही, आणि इथं डोळे मिटून पैसे मोजले.

आता १७ वाल्या लॉटच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या क्लबाच्या कोट्यात मागवल्यात, सरावासाठी. स्पर्धेला सेंटर-एक्स. टेनेक्सच्या एका मिलिमीटरसाठी सध्या तरी माझी तयारी नाही. पोरगी म्हणते, “बाबा, नीलिंगला (गुडघा टेकून) माझाच ग्रुप चाळीसचा येतोय, आधी तो बघूया.”

दुधाळीचा मास्तर

पोरीला नीलिंगला बिनगोळीचा सराव रोज अर्धा तास द्या. त्याला डबी लागत नाही. आणि तो २६ वाला लॉट टाकू नका, पोझिशन बसवताना मारायला चालतो. फक्त डब्यांवर मार्करनं फुली मारून ठेवा.