कचऱ्याच्या ठेक्याचं बिल वजनावर द्यावं की निकालावर?

सानपाडाकर
पालिका कचऱ्याच्या ठेकेदाराला पैसे नेमके कशाचे देते, हे आपण नागरिक फारसं विचारत नाही. पण दारात येणारी घंटागाडी कशी वागणार, हे बिलाच्या आधारावरच ठरतं. आपल्याकडच्या शहरांत दोन पद्धती जास्त दिसतात: टनामागे दर, किंवा गाड्या आणि माणसं मोजून महिन्याचं बिल. टनामागे दर असला की ठेकेदाराचा फायदा जड कचऱ्यात. ओला-सुका एकत्र आला, त्यात डेब्रिज मिसळलं, तरी काट्यावरचा आकडा वाढतोच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. म्हणजे नियम वर्गीकरण मागतो आणि बिल वजन मागतं. घरात दोन डबे ठेवणाऱ्या बाईला खाली एकाच गाडीत सगळं पडताना दिसतं, ते यामुळे. माणसं मोजून बिल देण्यात वेगळी अडचण आहे. हजेरीपट पूर्ण असला की बिल निघतं, मग गल्ली झाडलेली असो वा नसो.

माझं म्हणणं, बिलाचा काही भाग निकालाला बांधा. वेगळा केलेला कचरा किती आला, तुर्भ्याच्या कचराभूमीवर पुरायला किती कमी गेला, तक्रार किती तासांत सुटली. आपल्या देशात हे नवीन नाही. नमामि गंगे मोहिमेत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे अनेक ठेके असे आहेत: खर्चाचे ४० टक्के बांधकामाच्या काळात आणि उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, केंद्र ठरलेल्या दर्जाचं पाणी सोडतंय का ते तपासून. सांडपाण्यात जमतं तर कचऱ्यात का नको?

कळवा पूर्व
सानपाडाकर, मी सरकारी बांधकामावर आयुष्य काढलंय. तुमची उपमा जिथे तुटते ते सांगतो. प्रक्रिया केंद्राला बाहेर पडायची एक वाट असते. तिथून नमुना घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, आकडा हातात येतो. शहराला लाखो दारं आहेत. एमबीमध्ये, म्हणजे कामाच्या मोजमापवहीत, लांबी, रुंदी, खोली लिहिता येते आणि त्यावर सही करणारा अभियंता उद्या ऑडिटसमोर उभा राहू शकतो. ‘स्वच्छता ८२ टक्के’ असं एमबीत लिहिणाऱ्याला पहिला लेखाआक्षेप येईल: हे मोजलं कसं?

दुसरं, निकाल एकाच ठेकेदाराच्या हातात नसतो. घोडबंदर रोडचं बघा. मुख्य रस्ता एका यंत्रणेकडे, मेट्रो ४ चं काम दुसरीकडे, सेवारस्ता आणि जलवाहिन्या आणखी कुणाकडे. तिथल्या खड्ड्यावरून पैसे कापले तर कापलेला ठेकेदार सरळ लवादाकडे जाईल, आणि जिंकेलही. पालिकेला मूळ रक्कम व्याजासह द्यावी लागेल. त्यापेक्षा दोषदायित्वाची मुदत नीट वापरा. तीन वर्षांत रस्ता उखडला तर स्वखर्चाने दुरुस्त कर, नाहीतर अनामत जप्त. ही तरतूद आजही निविदेत असते. ती वापरायची इच्छा नसते. अंमलबजावणीच होत नसेल तर नवं कलम घालून काय साधणार?

तुर्भे स्टोअर
वर कुणी झाडणाऱ्या माणसाचं नावच घेतलं नाही. माझ्या घरात दोन पिढ्या सफाईच्या ठेक्यावर आहेत. दंड ठेकेदाराला लागतो आणि कापला जातो कामगाराच्या पगारातून. तक्रार आली की मुकादम खाडा मांडतो. सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच ठेका मिळणार असेल तर तो आधीच किमान वेतनाच्या काठावर आलेला असतो. त्याच्या बिलातले वीस टक्के तुम्ही निकालापर्यंत अडवून ठेवलेत, तर तो पीएफ भरायचा थांबवेल, हातमोजे आणि गमबूट द्यायचे थांबवेल. ठेका बदलला की माणूस तोच, हजेरी शेड तीच, पण मालक नवा, आणि ग्रॅच्युइटीची वर्षं पुन्हा शून्यापासून. त्यात आता निकालाचा धोकाही त्याच्याच खांद्यावर?

लोकांनी कचरा वेगळा करून दिला नाही, तर त्याची शिक्षा कामगाराला का, याचं उत्तर हवं आहे.

घणसोली गावठाण
तुर्भेवाल्या दादांशी सहमत, आणि एक भर घालते. निकालावर पैसे दिले की ठेकेदार सोपा निकाल निवडतो. ब्रिटनमध्ये २०११ साली बेरोजगारांना काम मिळवून देण्याची मोठी योजना अशाच ठेक्यांवर सुरू झाली. माणूस नोकरीला लागला, टिकला, की पैसे. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये दाखवून दिलं की ज्यांना मदत करणं सर्वात अवघड, त्यांच्यावरचा नियोजित खर्च ठेकेदारांनी कमी केला होता. रवांडात सरकारी आरोग्य केंद्रांना कामागणिक पैसे दिले. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, कारण त्याला दर चांगला होता. गरोदरपणातल्या चार तपासण्या आणि पूर्ण लसीकरण यांत फरक पडला नाही.

आता हेच इथे लावा. पाम बीचच्या सोसायटीत एका गेटवर दोनशे घरांचा वेगळा केलेला कचरा मिळतो. आमच्या गावठाणात कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी मोठी गाडी, वळतच नाही, दिघ्याच्या चढावरच्या वस्तीत हातगाडीसुद्धा ओढत न्यावी लागते. शहराची सरासरी गाठायची तर ठेकेदार माणसं कुठे लावेल? आणि सरासरी चांगली दिसली की आमचं गाऱ्हाणं ऐकणार कोण?

पाचपाखाडी
परदेशातली अपयशं सांगितलीत, मग देशातलं यशही सांगा. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ एका संस्थेने मुलींच्या शाळाप्रवेशाची आणि मुलांच्या शिकण्याची जबाबदारी घेतली. पैसे निकालावर. मोजमाप तिसऱ्या, स्वतंत्र संस्थेकडे, आणि तुलनेला कार्यक्रम नसलेली गावंही. प्रवेशाचं उद्दिष्ट ११६ टक्के, शिकण्याचं १६० टक्के गाठलं. शिकण्यातली मोठी वाढ शेवटच्या वर्षात झाली. आधीच्या वर्षांत आकडे मागे दिसल्यावर संस्थेला शिकवण्याची पद्धत बदलता आली, कारण काम कसं करायचं हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. आपल्या निविदेत किती झाडू, किती गाड्या, कोणत्या वेळी, सगळं लिहिलेलं असतं. शहाण्या ठेकेदारालाही शहाणपण वापरायला जागा नाही.

कळवा पूर्व
भिलवाड्यात पैसे एका परदेशी प्रतिष्ठानाने आगाऊ लावले आणि निकालाचे पैसे दुसऱ्या प्रतिष्ठानाने दिले. सरकारी तिजोरी, सर्वात कमी दराची निविदा, दरवर्षीचं अंदाजपत्रक, यांपैकी काहीही मध्ये नव्हतं.

सानपाडाकर
तुर्भेवाल्या दादांचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यालाच आधी उत्तर देतो. पूर्ण बिल निकालावर द्या असं मी म्हणत नाही. बिलाचे तीन तुकडे करा. पगार, पीएफ, ईएसआय, हातमोजे, गमबूट हा पहिला तुकडा. तो बँकेत जमा झाल्याचा पुरावा आला की जसाच्या तसा द्यायचा, त्यावर कमी दराची बोलीच लावू द्यायची नाही. दुसरा गाड्या आणि डिझेलचा. तिसरा ठेकेदाराचा नफा आणि व्यवस्थापन खर्च. निकालाला बांधायचा फक्त हा तिसरा. दंड लागलाच तर मालकाच्या नफ्याला लागेल.

घणसोलीच्या ताईंसाठी: शहराची सरासरी मोजायचीच नाही. प्रभाग वेगळा मोजायचा, गावठाण आणि झोपडपट्टीला दर जास्त ठेवायचा, आणि सर्वात मागे पडलेला प्रभाग किमान पातळीच्या वर आल्याशिवाय बाकीच्या प्रभागांचे निकालाचे पैसे सोडायचे नाहीत. मग दिघ्याला माणसं लावण्यातच त्याचा फायदा.

कळव्याच्या साहेबांना: टक्केवारी नको, नमुने घ्या. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून गल्ल्या काढा, गाडी न सांगता थांबवा, ओला आणि सुका वेगळा तोला. एमबीत गाडी क्रमांक, वेळ आणि दोन वजनं लिहा. आणि तक्रार सुटली की नाही हे तक्रार करणाऱ्याने सांगायचं. आज फोटो चढवला की तक्रार बंद होते. दोषदायित्वाबद्दल तुम्ही खरं बोललात, पण ते बिल दिल्यानंतरचं हत्यार आहे. मी बिल देण्याआधीचं मागतोय.

तुर्भे स्टोअर
पहिला तुकडा मान्य. पण किमान वेतनाचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो आणि थकबाकी मिळायला वर्ष जातं, तर त्या तुकड्यात वाढीव भत्ता आपोआप यायला हवा, हे निविदेत लिहून घ्या. शिवाय गाडी थांबवून तोलणाऱ्या पथकात कामगारांचा एक प्रतिनिधी हवा. नाहीतर रहिवाशांनी एकत्र टाकलेला कचरा आमच्या नावावर चढेल.

घणसोली गावठाण
आणि प्रभागवार वजनं दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा, मराठीत. ॲपमध्ये नकोत. आमच्या आळीतल्या बायकांना ती वाचता यायला हवीत.

कळवा पूर्व
नमुन्याची पद्धत ऑडिटला चालू शकेल, हे मानतो. पण अचानक गाडी थांबवायला जाणारा निरीक्षक ठेकेदाराला आधी फोन करणार नाही, याची व्यवस्था तुमच्या तिन्ही तुकड्यांत कुठेच नाही. त्याचं सांगा.