पहिलीच्या वर्गात तोंडी गोष्ट सांगणं म्हणजे वेळ घालवणं का?

प्रश्न (शिक्षिका, बीड जिल्हा)
जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मधल्या सुट्टीनंतर रोज एक गोष्ट सांगते, हातात पुस्तक न घेता. परवा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “बाई, गोष्टी सांगायला घरी आजी आहे. तुम्ही वाचन घ्या.” माझ्या वर्गातले बरेच आईबाप ऊसतोडीला जातात. आजी दिवसभर शेळ्यांमागे, रात्री अंग टाकलं की झोप. गोष्ट कोण सांगणार?

चिऊ-काऊच्या गोष्टीत मी “चिऊताई, दार उघड” म्हटलं की अख्खा वर्ग ओरडतो, “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे!” तांड्यावरची एक मुलगी जूनपासून गप्प होती. ती या ओळीला पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ते काय, “थांब, माझ्या बाळाला भाकर चारू दे!” ही ओळ तिची स्वतःची. हे कुठल्या तक्त्यात भरू?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, लातूर)
बाई, गोष्ट सोडू नका. तिची ओळ फळ्यावर लिहा. तोंडपाठ ओळ मुलं बोट ठेवून म्हणतात, तिथूनच वाचन सुरू होतं. मग ‘भाकर चारू’ पुसून ‘तीट लावू’ लिहा आणि काय बदललं ते विचारा. साहेबांना तोच फळा दाखवा.

उत्तर (शिक्षिका, डहाणू)
सरांची युक्ती चांगली आहे, पण प्रत्येक गोष्टीचा धडा करू नका. पोरं लगेच ओळखतात आणि ऐकणं सोडतात.

आमच्या जवळच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावर अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. 1920 साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाईंनी गोष्ट कशी सांगावी यावर गुजरातीत अख्खं पुस्तक लिहिलंय. गोष्टीला फालतू समजणाऱ्यांना हे सांगा.

मी गोष्ट मराठीत सांगते, दुसऱ्या दिवशी एक मूल तीच वारलीत सांगतं. वाघ असतो तिथे हटकून आमच्या डोंगरातला वाघ येतो.

प्रश्नकर्ती
सर, उद्याच करते. ताई, तांड्यावरची मुलं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. तीत सांगितलं तर बाकीच्यांना कळेल?

उत्तर (शिक्षिका, डहाणू)
गोष्ट आधी ऐकलेली असते, त्यामुळे बरंच कळतं. अडलं तर सांगणाऱ्यालाच विचारू द्या. त्या गप्प मुलीला पहिली पाळी द्या.