गोष्टवाले इंग्रजी शब्द सुचवा (आठवी-नववीच्या मुलांसाठी)

लालबागकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या इथे चाळीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मी मुलांचं इंग्लिश घेते, सगळी मराठी मीडियमची. हुशार आहेत पण इंग्लिश म्हटलं की गप्प, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच की ही भाषा साहेबाची, आपला तिच्याशी काय संबंध असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून तासाच्या आधी फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि तो आला कुठून ते सांगायचं असं सुरू केलंय.

परवा 'मसल' घेतला. लॅटिनमध्ये मुस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर, दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. एक मुलगा बाही वर करून ओरडला, टीचर ही तर बेडकुळी! झालं, सगळे दंड फुगवून बसले, रोमन लोकांना उंदीर दिसला आणि आपल्याला बेडूक, आणि जी मुलगी कधी तोंड उघडत नाही तिने विचारलं, माउस आणि मूषक एकच का हो? एकच आहेत, मूळ एकच! गणपतीचा उंदीर थेट इंग्लिशच्या पुस्तकात निघाला म्हटल्यावर तिचा चेहरा काय खुलला सांगू.

तर असे शब्द सुचवा. बंगला, पायजमा, लूट घेऊन झालेत. गोष्ट खरी पाहिजे एवढीच अट.

कसाऱ्याच्या_पलीकडे:
ताई, 'डूलॅली' घ्याच. इंग्लंडात कुणाचं डोकं फिरलं की 'गॉन डूलॅली' म्हणतात, आणि हे डूलॅली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत ठेवायचे, बोटी ठराविक मोसमातच सुटायच्या, मग काहीजण महिनोन्महिने तिथेच अडकलेले, हाताला काम नाही, वरून ऊन, त्यात दारू आणि आजारपणं, काहींचं खरंच बिनसायचं. आधी पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप' असा होता, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. नळ नाही. नाशिकला जाताना पोरांना स्टेशनची पाटी दाखवता येईल.

तिसरी_घंटा:
डिफेनेस्ट्रेशन. माणसाला खिडकीबाहेर फेकणे, एवढ्यासाठी वेगळा शब्द! फेनेस्ट्रा म्हणजे लॅटिनमध्ये खिडकी. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात तिघांना खिडकीतून खाली फेकलं, तिघेही वाचले, पण त्यातून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. पोरं विसरणार नाहीत.

वांद्र्याची_वारी:
'पॉश' सांगा. मुंबईच्या बोटीवर श्रीमंत लोक जाताना डावीकडची केबिन घ्यायचे आणि येताना उजवीकडची, ऊन लागू नये म्हणून, तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का, त्याची आद्याक्षरं. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

तळटीप:
@वांद्र्याची_वारी, पॉशची गोष्ट ऐकायला छान आहे पण मुलांना सांगू नये असं मी अगदी कळकळीने म्हणेन. तसा शिक्का मारलेलं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. बोंबलाचंही तसंच. 'बॉम्बे डक' हे नाव रेल्वेच्या डाकेच्या डब्यातल्या वासावरून पडलं म्हणून फिरवतात, आता बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली १८५३ ला आणि हे नाव त्याच्या आधीच्या छापील मजकुरात सापडतं, मग डाकेची गोष्ट टिकते कशी? लालबागकरीणताई, तुमच्या अटीमुळेच एवढं लिहितोय, कारण पोरांना एकदा सांगितलेली गोष्ट ती पुढे आणखी दहाजणांना सांगतात. आद्याक्षरांवरून शब्द बनला असं कुणी सांगितलं आणि शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असला तर आधी संशयच घ्यायचा, तशी पद्धत तेव्हा फारशी नव्हतीच.

आणि खऱ्या गोष्टी काय कमी आहेत का? 'मंगूस' घ्या, सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लिशमध्ये गेलेला आपला मराठी मुंगूस, जसाच्या तसा. 'डंगरी' घ्या, जीन्सच्या दुकानात टांगलेली असते ती. डुंगरी म्हणजे जाडंभरडं सुती कापड, तंबूंना आणि शिडांना वापरायचे, नंतर कामगारांचे कपडे त्याचे झाले, आणि हे नाव आपल्या डोंगरीवरून पडलं असं सांगतात. तुमच्या पोरांचे आजोबा-पणजोबा गिरणीत असतील, लालबागच्या वर्गात कापडाचा शब्द असायलाच पाहिजे.

शेवटची_ओव्हर:
अंपायर!! मूळ जुना फ्रेंच शब्द 'नॉनपेर', म्हणजे जोडीत न बसणारा. दोघांचं भांडण सोडवणारा तो तिसरा, आपण तिऱ्हाईत म्हणतो ना अगदी तोच अर्थ. इंग्लिशमध्ये आधी 'अ नंपायर' होतं, भरभर बोलता बोलता न् मागच्या अ ला चिकटला आणि झालं 'अ‍ॅन अंपायर'. मुलांना पाचदा पटापट म्हणायला लावा, कान फसतात ते त्यांचं त्यांनाच कळतं. एप्रनचंही तेच, आधी नॅप्रन होता. आर्टिकल शिकवायला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. ऑरेंजमध्येही सुरुवातीचा न गळलाय, मूळ आपलं नारंग, पण तो इंग्लिशपर्यंत यायच्या आधीच वाटेत गळला, त्यामुळे त्याला या यादीत घालू नका.

लालबागकरीण:
अहो किती सुंदर! अंपायर तर उद्याच घेते, गल्लीत रोज अंपायरवरून भांडणं असतात. तळटीपदादा, तुमचं पटलं. पण पडताळायचं कुठे? मोठा ऑक्सफर्ड कोश काही आम्हाला परवडणारा नाही.

तळटीप:
'हॉब्सन-जॉब्सन' वाचा, यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला १८८६ चा कोश, आपल्याकडून इंग्लिशमध्ये गेलेले शब्द त्यात जुन्या उताऱ्यांसकट दिलेत, इंटरनेटवर फुकट आहे. त्याच्या नावाचीच गोष्ट सांगा. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसैन!' असा घोष व्हायचा, गोऱ्या सोल्जरांच्या कानाला ते हॉब्सन-जॉब्सन ऐकू आलं. मात्र कोश जुना आहे, त्यातल्या काही व्युत्पत्ती नंतर बदलल्यात, म्हणून जोडीला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडून बघत जा, तीही फुकट. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याचीही १८५७ ची आवृत्ती नेटवर शोधता येते. दोन ठिकाणी जुळलं तरच फळ्यावर लिहायचं.

कसाऱ्याच्या_पलीकडे:
आणि 'सेरेंडिपिटी' राहिला की. श्रीलंकेचं अरबी नाव सरनदीब, ते आलं सिंहलद्वीपवरून. तिथल्या तीन राजपुत्रांच्या फारसी गोष्टीवरून होरेस वॉल्पोलने १७५४ साली एका पत्रात हा शब्द बनवला, न शोधता काहीतरी छान हाती लागणे. नववीला चालेल.

तिसरी_घंटा:
मंगूस घ्याल तेव्हा अनेकवचनही फळ्यावर लिहा ताई. मंगूसेस. गूसचं गीस होतं म्हणून पोरं मंगीस लिहून मोकळी होतात, पण तो गूस बदकाच्या जातीचा नाहीच, आपल्या मुंगसाचा आहे.