मदत हवी आहे: वळणावरच्या जुन्या फलाटाला लाइट मेट्रोचे सरकते दरवाजे

जुन्या उपनगरी स्थानकाचं लाइट मेट्रोत रूपांतर, असा अभ्यास-आराखडा करतेय. नमुना माँट्रियलच्या द-माँतान्य मार्गाचा. तिथली लोकल 2020 अखेर बंद केली आणि त्याच मार्गावर 2025 मध्ये चालकविरहित मेट्रो सुरू झाली.

माझं स्थानक 300 मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. फलाट बुटका, 200 मीटर लांब. मेट्रोची गाडी फक्त 80 मीटरची. एका डब्याखालच्या दोन बोगींमधलं (चाकांच्या सांगाड्यांमधलं) अंतर 15 मीटर धरलं, तर डब्याचा मध्य वळणाच्या आतल्या बाजूला सुमारे 94 मिलिमीटर सरकतो. बाहेरच्या फलाटाशी तेवढीच फट वाढते. व्हीलचेअरसाठी हे मला मान्यच नाही.

आराखड्यात मेट्रोचा फलाट जुन्या फलाटाच्या सरळ रुळावरच्या टोकाकडे सरकवून पाहिला. फट मिटते, पण भुयारी मार्गाचा जिना दुसऱ्या टोकाला राहतो, म्हणजे रोजची शंभरेक मीटर जास्त चाल. रूळ सरळ करायला जागा नाही. जुनं छप्पर आणि खांब ठेवायचेच आहेत. काम चालू असताना गाड्या बंद ठेवता येतील, ती अडचण नाही.

फट भरायला दरवाजाबरोबर पुढे सरकणाऱ्या फळ्या अशा वळणावर रोजच्या वापरात भरवशाच्या ठरतात का, की सरळ टोकाला नवा जिनाच खोदावा?