शेळीचं रक्त माणसाच्या सीबीसी मशीनवर: प्लेटलेट एवढ्या कशा?

प्रश्न: राजारामपुरीत लॅब टेक्निशियन आहे. परवा कागलहून मामा आले. शेळी चारा खाईना म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी काढून दिलेलं रक्त घेऊन. आमच्या सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायच्या) मशीनला लावलं, तर तांबड्या पेशी नावालाच आणि प्लेटलेट भरमसाट. मामा कागद धरून उभे, मला उत्तर सुचेना. मशीन बिघडलंय का?

उत्तर १: नाही ताई. माणसाची तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, शेळीची जेमतेम ३-४. घनफळ माणसाचं ८०-१०० फेम्टोलिटर, शेळीचं १६-२५. मशीन एवढ्या बारक्या पेशी प्लेटलेटमध्ये मोजतं. प्राण्यांसाठी सेटिंग असलेलं मशीनच लागतं. तो रिपोर्ट मामांना देऊ नका, त्यावर कुणी औषध दिलं तर जनावर हातचं जाईल.

उत्तर २: हेमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते बघायची) नळी फिरवणार असाल तर जास्त वेळ फिरवा, शेळीच्या पेशी लवकर बसत नाहीत. कोंबडीचं तर आणखी वेगळं. तिच्या तांबड्या पेशी लांबट, आत केंद्रक. मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजतं.

प्रश्नकर्ती: कागद फाडला. काल लीशमन स्टेन करून (पेशींना रंग देऊन) स्लाइड बघितली, शेजारी माझ्याच रक्ताची ठेवली. माझ्या पेशींच्या मधोमध फिकट गोल, शेळीच्या म्हणजे नुसती मोहरी पसरल्यासारखी! दहा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावतेय, हे पहिल्यांदा बघितलं. नवीन नमुना जनावरांच्या लॅबला पाठवलाय. मामांना फोन करून सगळं नीट सांगितलं.