आठवीतल्या मुलाकडून फोन काढून घ्यावा, की तो वापरायला शिकवावे?

अक्कलकोट रोड (प्रश्न)
नमस्कार. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. 2020 च्या टाळेबंदीत मुलगा तिसरीत असताना ऑनलाइन वर्गासाठी घरात दुसरा फोन आला. पुढे शाळा भरू लागली, पण फोन परत घेण्याचा दिवस काही उगवला नाही. गेल्या महिन्यात पासबुक भरून आणले, तेव्हा चार दिवसांत सात वेळा मिळून 1,840 रुपये एका मोबाईल खेळासाठी गेल्याचे दिसले. किराणा दुकानात मी पिन टाकत असताना त्याने तो शेजारी उभे राहून पाहिला होता, माझ्याच फोनवरून पैसे भरले होते आणि बँकेचे संदेश पुसूनही टाकले होते.

गोंधळ पुढेच आहे. त्याच आठवड्यात माझ्या आईला ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला. ती घाबरून फोन लावणार, तोच या चिरंजिवांनी तिला थांबवले, लाइट बिलाची पावती काढून दाखवली आणि साध्या मोबाईल नंबरवरून आलेल्या अशा संदेशाला कधी फोन करायचा नसतो, हे समजावले. एवढी जाण असलेला मुलगा स्वतःच्या बाबतीत इतका आंधळा कसा होतो? फोन काढून घ्यावा, असे पत्नीचे मत आहे. माझे मत अजून ठरलेले नाही.

चादरवाला
मत नंतर ठरवा, आधी पिन बदला. सात व्यवहार होईपर्यंत आपल्याला पासबुकाची वाट पाहावी लागली, याचा अर्थ खात्यावर आपलेही लक्ष नव्हते. हिशेबनिसाला हे सांगताना थोडे अवघड वाटते, पण राहवत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सोय आहे, ती चालू करा. खरेदीनंतर 48 तासांच्या आत गूगलकडेच परताव्याची विनंती करता येते. आता ती मुदत उलटली असल्याने खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे लेखी मागणी करून पाहा. आईंच्या बाबतीत पैसे खरोखरच गेले असते, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करणे हाच मार्ग होता. तो क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आजच जतन करून द्या. बाकी मी वहिनींच्या बाजूने आहे. दहावीपर्यंत फोन कपाटात.

निवृत्त बाई
कपाटातला फोन मित्राच्या घरी सापडतो, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली लहानशी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: कोड स्कॅन केला की त्या धड्याचेच साहित्य उघडते, म्हणजे मूल फोनकडे एक ठरलेले काम घेऊन जाते. यूट्यूबवर मात्र एक चित्रफीत संपण्याच्या आत पुढची रांगेत उभी असते आणि खेळात आज प्रवेश केला नाही तर कालचे बक्षीस बुडते. ही रचना मुद्दाम केलेली असते. आपला मुलगा आंधळा नाही. आजीला फसवणारा परका होता म्हणून तो ओळखू आला, खेळ मात्र त्याला मित्र वाटतो. त्याच्याशेजारी बसून तो खेळ त्यालाच समजावून सांगायला लावा: पैसे नेमके कुठे मागतात, कोणत्या क्षणी मागतात, हरल्यानंतर की जिंकल्यानंतर?

पूर्व भाग
मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे, म्हणजे मुलाच्या बाजूची समजावी. आमच्या घरी माझा फोन बंद करवून वडील स्वतः जेवताना रील पाहत, तेव्हा तो नियम मी एक दिवसही मनापासून पाळला नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात मोठ्यांनाही सूट नाही, ही त्यातली खरी मेख आहे. आईने मालिका सोडली, तेव्हा कुठे आमच्याकडे असे काही टिकले. बाईंनी सुचवलेला प्रश्न मात्र मला कोणी तेराव्या वर्षी विचारायला हवा होता.

अक्कलकोट रोड
सर्वांचे आभार. पिन बदलला. खेळ कंपनीचे उत्तर आलेले नाही. काल रात्री मुलाला बाईंचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “हरल्यावर लगेच. आणि घड्याळ उलटे धावत असते, दहा सेकंदांचे.” मग त्याने ती खिडकी उघडून दाखवली आणि मी तिचा आवाज ऐकूनच अस्वस्थ झालो. फोन काढून घेतलेला नाही. रात्री नऊनंतर चारही फोन स्वयंपाकघरात शेंगाचटणीच्या डब्याशेजारी असतात. 1,840 रुपये त्याच्या नावे वहीत मांडले आहेत आणि खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला वळते होतील. आजीचे वाचलेले पैसे जमेच्या बाजूला धरणार का, असे त्याने विचारले आहे. त्यावर मी अजून काही बोललेलो नाही.